भिवाच्या ओठांचा रंग

९ नोव्हेंबर

आबा आले एकदाचे. पाचोडहून सकाळच्या एसटीनं निघाले, दुपारी सिडको स्टँडवर उतरले. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, पिशवीत मायनं बांधून दिलेल्या भाकरी आणि ठेचा. रिक्षात बसायच्या आधीच विचारलं, "मला नेमकं करायचं काय हाय?"

"काही नाही आबा. मी सांगेन तसं उभं राहायचं. मी फोटो काढणार आणि फोटो बघून चित्रं काढणार."

"एवढंच व्हय? मग ते तर जन्मभर केलंय. मेंढरामागं उभाच व्हतो की."

ह्या पुस्तकाचं सगळं वहीत लिहून ठेवायचं असं ठरवलंय, म्हणून पहिल्यापासून लिहिते. 'घाटापल्याड'. एकशे बारा पानांचं कॉमिक. भिवा नावाचा मेंढपाळ पैठणकडून कळप घेऊन निघतो आणि कन्नडचा घाट उतरून खानदेशात चारणीला जातो, एवढीच गोष्ट. आबा तरुणपणी दरसाल हेच करायचे. दोन वर्षं मी इंटरनेटवरच्या फोटोंवरून भिवा काढत बसले होते. पुण्याच्या श्रेयानं, म्हणजे माझ्या संपादकबाईंनी, पहिली दहा पानं बघून सांगितलं, "हा मेंढपाळ वाटत नाही गं. मेंढपाळाचे कपडे घातलेला वाटतो." पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! दोन दिवस तिच्यावर धुमसत होते. तिसऱ्या दिवशी पानं परत बघितली. बाई खरं बोलली होती.

मग आबांनाच बोलावलं, माझ्या मेंढपाळ बापाला. एकतीस जानेवारीला पानं द्यायची आहेत. आबांना अक्षरं जुळवून वाचायला लई वेळ लागतो, त्यामुळं माझं आजवरचं एकही काम त्यांना वाचता आलेलं नाही. मला चित्रकलेच्या कॉलेजात घालायचं म्हणून त्यांनी कळप काढून टाकला, आणि त्या शिक्षणाचं पुढं काय झालं ते त्यांना कधी नीट कळलंच नाही. म्हणून ह्या पुस्तकात शब्द जवळजवळ नाहीतच. आबांनी ते मांडीवर घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकट्यानं वाचायचं. मला एवढंच पाहिजे.

१० नोव्हेंबर

गच्चीवर टर्नअराउंड केला. म्हणजे एकच माणूस समोरून, बाजूनं, पाठमोरा असा एका कागदावर काढायचा, आणि पुढं सगळ्या पानांत त्याच मापानं चालायचं. माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या मापात मोजतात. आबांना सांगितलं, "तुम्ही सात डोक्यांचे भरलात."

"मला एकच हाय, अन् तेबी धड नाय."

आबा डावखुरे, म्हणून भिवाची काठी डाव्या हातात. मग चेहऱ्यांचा तक्ता. हसू आलं, भीती आली, राग काही येईना.

"रागवा ना आबा."

"कोनावर?"

"माझ्यावर रागवा."

"तुझ्यावर कशापायी रागवू?" म्हणाले आणि हसत सुटले. शेवटी म्हटलं, लांडगा आलाय कळपात. मग जो चेहरा केला, बापरे! मीच एक पाऊल मागं सरकले.

१५ नोव्हेंबर

मंतशा आली होती. कॉलेजपासूनची मैत्रीण, रोशन गेटला राहते, पुस्तकाचे रंग तिच्याकडे. तिची पद्धत अशी की ती मनानं रंग भरत नाही. फोटोतून थेंब थेंब रंग उचलते आणि पट्टी बनवते. आबांच्या सहा पट्ट्या केल्या: कपाळ, गाल, ओठ, मान, हात, पाय. फाइलला नाव दिलं 'चाचा'. आबांना ती पट्टी दाखवली तर म्हणाले, "एवढे रंग हायत व्हय माझ्यात? मला वाटलं निस्ता काळा."

तिनं केलेली बिर्याणी आबांनी दोनदा घेतली.

१८ नोव्हेंबर

आज अब्रू गेली. पान अकरा आबांना दाखवलं, कळप नाल्यातून जातो ते. चाळीस मेंढरं. मी सात काढली होती आणि बाकीची त्यांचीच कॉपी करून लहानमोठी केली होती. सगळेच करतात. आबांनी पान डोळ्यांजवळ धरलं आणि बोट फिरवत म्हणाले, "ही हितं हाय, ही परत हितं हाय, हितंबी हीच. एक मेंढरू पाच ठिकाणी कसं काय चाललंय?"

"आबा, एवढं कुणी बघत नाही."

"मी बघायलोय की."

पान परत माझ्या हातात दिलं. शेवटी मी वही घेऊन बसले आणि म्हटलं, सांगा. संध्याकाळपर्यंत सांगत होते. चांदी, एका कानाची. बोडकी. मोरी, जिच्या नाकावर पांढरा ठिपका. एक लंगडी, एक नुसती वाकड्या तोंडाची म्हणून 'सासू'. कळप विकून चौदा वर्षं झाली, तरी चाळीसच्या चाळीस तोंडपाठ. आता चाळीस वेगळी मेंढरं काढणं आलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायचीही सोय नाही, अंगण आबांचंच आहे.

२५ नोव्हेंबर

पान एकोणतिसावर एक मेंढरू आजारी पडतं. मी ते कळपाच्या मागं रखडत येणारं काढलं होतं. आबा म्हणाले, चूक.

"दुखणाईत मेंढरू मागं राहात नसतंय. मागं राहिलं की लांडगा धरतो, हे त्याला ठावं असतंय. ते उलट जोर लावून पुढं पुढं चालतंय. वळखायचं कसं? निस्तं थांबायची संधी हुडकत असतंय. कुठं पाला दिसला की थांब, कुठं पाणी दिसलं की थांब. खात नाय, पीत नाय, निस्तं थांबतंय."

काय माणूस आहे! तसंच काढलं. पान उभं राहिलं एकदम. श्रेयाला पाठवलं तर तिनं फोन करून विचारलं, तुला हे सुचतं कुठून. म्हटलं, घरातच खाण आहे.

१ डिसेंबर

आज आबांनी डोकं फिरवलं. काठी उजव्या हातात धरून उभे. म्हटलं, "आबा, साठ पानं डाव्या हातात आहे, आता उजव्या हातात कशी येईल?" म्हणाले, "डावा हात जरा जड झालाय, कूस बदलताना दबला आसंल." पुन्हा डाव्या हातात दिली, थोड्या वेळानं परत उजव्या हातात. मी किती ओरडले! शेवटी फोटो काढला आणि टॅबवर उलटा केला. उजव्याचा डावा झाला. दोन सेकंदांचं काम, उगीच आरडाओरडा.

टॅबवर चित्र थरांत असतं, एकावर एक पातळ कागद ठेवल्यासारखं. प्रत्येक थराला मी नाव आणि तारीख देते, नाहीतर घोळ होतो. आजच्याला नाव दिलं 'हात_दुरुस्त'.

४ डिसेंबर

मी तिसऱ्या मजल्यावर राहते, वर गच्ची. पहिल्या आठवड्यात आबा माझ्या आधी गच्चीवर पोचायचे. आता साहेबांना ओळखी झाल्या आहेत. पहिल्या मजल्यावर चतुराबाईंच्या दारात थांबणार, नातवाची चौकशी करणार. दुसऱ्या मजल्यावर खिडकीतून पाण्याचा टँकर बघणार. वर जायला वीस मिनिटं! ऊन तोवर सरकतं, सावल्या बदलतात. आज स्पष्ट सांगितलं, "आबा, गप्पा खाली उतरताना मारा." म्हणाले, "व्हय, चुकलं."

७ डिसेंबर

वहाणांचं क्लोजअप पाहिजे होतं. आबांनी गावाहून आणलेल्या जाड पट्ट्याच्या वहाणा पायात जाईनात. "एका महिन्यात पाय कसे वाढले? मायच्या भाकरीनं वाढले नाहीत, माझ्या हातच्या पोळ्यांनी वाढले काय?" हसले. म्हणाले, लई उभं राहून जड झाले आसतील, बोटांत नुसत्या अडकवतो. पण पट्टा मांसात रुतल्यासारखा दिसायला लागला. भिवा वाऱ्यावर चालणारा माणूस आहे, त्याचे पाय असे गुबगुबीत कसे चालतील? टर्नअराउंडवरून जुना घोटा काढून बसवला. 'पाय_दुरुस्त'.

बाकी पान सुंदर झालंय. बोटांच्या भेगा जमल्या.

१३ डिसेंबर

मंतशाचा फोन. "ज्ञानू, सुन ना, तुझे नवीन फोटो कचरा येतायत. पट्टी जुळतच नाही. गाल राखाडी मारतायत, आणि होंठ तो एकदम निळसर. व्हाइट बॅलन्स बघ तुझा."

फोनची सेटिंगं बघितली, ठीक वाटली. गच्चीवर शेजाऱ्यांनी निळी ताडपत्री टाकली आहे, तिचा उजेड असणार. शिवाय थंडी कडाक्याची पडलीय, सकाळी माझेही ओठ फुटतात. मंतशाला सांगितलं, नोव्हेंबरचीच पट्टी वापर, फोटो बघू नको. ती म्हणाली, "मी कधी असं करत नाही, पण ठीक आहे, तू म्हणतेस तर." पान एकसष्टपासून पुढं तिनं ओठ हातानं लाल केले. थराला नाव दिलं 'ओठ_दुरुस्त' आणि मला पाठवलं. आता परत भिवा भिवासारखा दिसतो.

१७ डिसेंबर

सकाळी उठले तर आबा भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेले. घोंगडं गुडघ्यांवर, हनुवटी छातीवर. चार दिवस झाले रोज असेच दिसतात. विचारलं तर म्हणाले, "सवय हाय गं. राखणीला असंच झोपायचो, एक डोळा उघडा."

मला इतकं बरं वाटलं! म्हणजे भिवाचं काम करता करता आबांच्या अंगात ते जुने दिवस परत आले. लगेच स्केच केलं. पान ब्याऐंशीला हेच घेते, मुक्कामाच्या रात्री भिवा बसून झोपलेला.

२० डिसेंबर

मायचा फोन. आबांशी पाच मिनिटं बोलली, मग मला म्हणाली, "त्येंचा आवाज बारीक का येतोय?" म्हटलं, "दिवसभर मी ओरडते, त्यांना बोलायला मिळतंय कुठं." हसली. मग म्हणाली, "काम कवा व्हनार?" म्हटलं, एकतीस जानेवारी. "तवर हायत का ते तिकडंच?" हो म्हटलं. तिलाही करमत नसणार.

तीस पानं उरली. आबा रोज सकाळी विचारतात, किती राहिली. पहिल्यांदा कुणीतरी माझ्याइतक्या उत्सुकतेनं पानं मोजतंय.

२४ डिसेंबर

पुस्तकातलं सगळ्यात महत्त्वाचं पान, शंभरावं. घाट उतरून आल्यावर भिवा मोकळ्या रानात पाठीवर पडतो आणि आभाळ बघतो. अख्ख्या गोष्टीत तो पहिल्यांदाच आडवा होतो. सहा महिन्यांपासून हे पान डोक्यात आहे.

गच्चीवर सतरंजी टाकली. आबा म्हणाले, "बसून काढलं तर?"

"नाही आबा, पाठीवरच."

"उशाला घोंगडं घेऊ का?"

"भिवाकडं उशी कुठली?"

पडले. मी पाण्याच्या टाकीवर चढून वरून फोटो काढत होते. आबा दर दोन मिनिटांनी उठून बसत होते. मी रागावले. आता इतक्या दिवसांनी नेमकं आजच नाटक करायचं होतं? म्हटलं, "आबा, दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं हलू नका, मग आज सुट्टी." म्हणाले, "बरं. काढ." आणि खरंच दहा मिनिटं हलले नाहीत. डोळे आभाळाकडं, तोंड थोडं उघडं, मुठी आवळलेल्या, छाती भात्यासारखी वरखाली. एवढा जिवंत फोटो आजवर एकही मिळाला नव्हता. दिवसभर नाचत होते मी.

पानावर मुठी मोकळ्या केल्या, चेहरा जरा शांत केला. बाकी जसंच्या तसं.

२६ डिसेंबर

मंतशा शंभरावं पान घेऊन स्वतः आली. फोनवर बोलायचं नव्हतं म्हणाली. टॅबवर तिनं जुनी पट्टी आणि परवाच्या फोटोतून उचललेली नवी पट्टी शेजारी शेजारी लावली होती. सहाच्या सहा रंग मेलेले. मी म्हटलं, ताडपत्री. ती म्हणाली, "मी गच्चीच्या भिंतीचा रंगसुद्धा उचलला, ज्ञानू. दोन्ही फोटोंत भिंतीचा रंग सेम टू सेम आहे. उजेड बदलला असता तर भिंत बदलली असती ना. फक्त चाचा बदललेत."

आबा आत बसले होते. तिनं जाऊन त्यांच्या पायावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला.

"कधीपासून, चाचा?"

आबा माझ्याकडं बघत होते. म्हणाले, "दिवाळीच्या मागंपुढं जरा दम लागायला लागला व्हता. एवढं पुस्तक व्हऊ दे म्हणलं, मग दाखवू."

२७ डिसेंबर

जालना रोडवरच्या दवाखान्यात कालपासून. नाकाला नळी. हृदयाचं काम वीस टक्क्यांवर आलंय म्हणतात. छातीत, पायात, सगळीकडं पाणी.

डॉक्टरबाईंनी विचारलं, पायाची सूज कधीपासून? मी पिशवी घट्ट धरून उभी राहिले. मंतशानं माझ्या पिशवीतून टॅब काढला आणि थरांची यादी उघडली. डावा हात जड, १ डिसेंबर. सूज, ७ डिसेंबर. ओठ निळे, १३ डिसेंबर. बसून झोपतात, १७, त्याचं स्केचसुद्धा. डॉक्टरबाई एकेक लिहून घेत होत्या. लिहून झाल्यावर सहज म्हणाल्या, "पेशंटच्या घरच्यांनी इतक्या बारकाईनं नोंद ठेवलेली मी पहिल्यांदा बघतेय."

मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि मोठ्यानं रडले. कुणी कुणी बघत होते. बघू देत.

२८ डिसेंबर

मायला कारभारीकाका घेऊन आले. ती आबांच्या पायाशी बसून पाय चेपत राहिली. नर्सनं सांगितलं चेपू नका, मग नुसता हात ठेवून बसली.

कॉलेजात जिवंत माणसाचं चित्र काढायच्या तासाला आमचे सर घड्याळ लावून बसायचे. दर वीस मिनिटांनी मॉडेलला उठवायचं, पाणी द्यायचं, हात मोकळे करू द्यायचे. चित्र अर्धं राहिलं तरी चालेल, हा पहिला नियम. परक्या माणसासाठी मी पाच वर्षं तो नियम पाळला. आबांच्या बाबतीत कधी आठवलाच नाही. आबा थकतात हेच माझ्या डोक्यात नव्हतं.

दुपारी शुद्धीत होते. म्हणाले, "किती राहिली?"

"बारा."

"दाव की. झाली ती दाव."

टॅब समोर धरला. पान एकपासून बघायला लागले. सावकाश, प्रत्येक चौकटीवर बोट ठेवत. नाल्याच्या पानावर आले तेव्हा हसले, सगळी मेंढरं ओळखली, सासूलासुद्धा. एकोणतिसाव्या पानावर दम लागला. म्हणाले, उरलेलं उद्या वाचतो.

३० डिसेंबर

आबा काल पहाटे गेले.

एकोणतीस पानं वाचून झाली होती.

५ जानेवारी

पाचोड. श्रेयाचा फोन आला. रडत होती. म्हणाली, मार्च, एप्रिल, पाहिजे तेवढा वेळ घे, मी सगळ्यांशी बोलले आहे. चांगली आहे ती. मी उगीच तिला नावं ठेवत होते. पण आता वेळ घेऊन काय करू? ज्यांनी वाचायचं होतं ते गेले. मला कसलीच घाई उरलेली नाही.

आबांचा लई राग येतो. एकदा तरी ओरडायचं होतं माझ्यावर. त्या तक्त्यावरचा चेहरा एकदा खरोखर माझ्यासमोर करायचा होता. नाही म्हणायचं होतं, माझ्याच्यानं होत नाही म्हणायचं होतं. लांडग्यावर चिडता येतं आणि पोरीवर चिडता येत नाही, हा कुठला न्याय? मग वाटतं, मी कुणावर रागावतेय? पाय मी हातानं बारीक केले. मला सुजलेले दिसले म्हणूनच बारीक केले ना.

९ जानेवारी

तेरवीच्या फ्लेक्ससाठी कारभारीकाकांना फोटो पाहिजे. म्हणाले, "तुझ्याकडं तर ढीगभर आसतील."

आहेत. तेराशे बारा. माय आणि मी ओसरीत बसून बघायला लागलो. लांडग्यावर चिडलेले आबा. घाबरलेले आबा. कुणाला तरी हाक मारणारे आबा. माय एकेक बघायची आणि म्हणायची, "हे त्येंचं तोंड नाय." पुढचा. "असं कधी बघत नव्हते ते." पुढचा. दोन तास गेले. तेराशे फोटोंत मी सांगितलेला माणूस आहे, आबा एकाही फोटोत नाहीत. काम संपल्यावर ते सैल होऊन माझ्याकडं यायचे, कसं काय झालं विचारायला. तेव्हा फोन माझ्या हातातच असायचा. तेव्हाचा एक फोटो मी काढला नाही. कामाचा नव्हता.

मग चोवीस तारखेचा आला, सतरंजीवरचा. मायनं फोन माझ्या हातातून घेतला.

"हे कवाचं?"

सांगितलं.

"ह्यात त्येंचा जीव घाबरा झालाय गं. मुठी बघ कशा आवळल्यात. तुला दिसलं नाय का?"

"दिसलं, माय."

"मग?"

मी टॅब आणला. पान शंभर उघडलं आणि तिला दाखवलं, हे बघ, ह्या मुठी मी अशा मोकळ्या केल्या. हे ओठ मंतशानं लाल केले. हे पाय मी बारीक केले. एकेक थर काढून दाखवला, परत लावून दाखवला. मला वाटलं आता ती मला मारेल. मारावं असं वाटत होतं. तिनं टॅब मांडीवर घेतला. मग पदरानं काच पुसली.

"हे बघ," म्हणाली. "हे हायत. आमचं लगीन झालं तवा असेच दिसत व्हते. कारभारीभावजी, हेच लावा."

"माय, हे नको. हे खोटं आहे. हे मी—"

"मला ते दुखणाईत नकोत गं दारात."

मी आरडले, हातापाया पडले, आधार कार्डावरचा फोटो लावा म्हटलं. काका म्हणाले, "वहिनी म्हनतील तसं." पेन ड्राइव्हवर मीच फाइल घालून दिली. छापायला मोठी करावी लागते, तेही मीच करून दिलं.

११ जानेवारी

काल तेरवी झाली.

फ्लेक्स दारावरच लावलं होतं, दहा बाय आठ. आभाळाकडं बघणारे आबा, काठी डाव्या हाताशी, पाय सडपातळ, ओठ लाल. त्याला हार घातला. आलेला प्रत्येक माणूस आधी त्याच्यापुढं उभा राहायचा. सगळे म्हणत होते, हुबेहूब काढलंय लेकीनं. बायका मला जवळ घेऊन म्हणत होत्या, बापाचं नाव काढलंस. माय तर सकाळपासून तिथंच खांबाला टेकून बसली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, माझ्या लेकीनं काढलंय. तेरा दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर काहीतरी होतं, म्हणून मी कुणाला काही बोलले नाही.

जेवणं उठता उठता रामहरी नाना आले, पैठणहून. आबांच्या बरोबरीनं पंचवीस वर्षं घाट उतरलेला माणूस. बातमी त्यांना उशिरा कळली. काठी टेकत आले आणि फ्लेक्ससमोर उभे राहिले. कितीतरी वेळ बघत होते, वरपासून खालपर्यंत. पायांकडं बघितलं, हातांकडं बघितलं, तोंडाकडं बघितलं. पंचवीस वर्षं दुसऱ्याची आणि आपली मेंढरं नजरेनं तपासलेले डोळे ते. मग माझ्याकडं वळले.

"गडी तर लई धडधाकट दिसायलाय," म्हणाले. "अंगात काय सुदीक कमी नाय. मग असा एकाएकी कसा गेला गं, बाय?"

म्हटलं, "एकाएकी नाही गेले, नाना."

ते पुढचं ऐकायला थांबले, कानाला हात लावून. माय खांबाशी बसून आमच्याकडंच बघत होती. मी नानांचा हात धरून त्यांना जेवायला नेलं.